स्टँडवरच्या फ्लेक्सवर पूनम

गोविंदा मनानं चांगला आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्याच्याबद्दल जे बोलणार आहे त्यात ते कुठं दिसायचं नाही. लोणारच्या बसस्टँडसमोर त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. कोणाचा वाढदिवस असो, कोणाचं पोरगं बारावीत पास होवो, कोणाची बदली रद्द होवो, गोविंदा गोल चौकटींत तोंडं बसवतो, त्यांना मन लावून गोरं करतो आणि स्टँडवर टांगतो. माणसानं चांगलं काम केलं की त्याचा फोटो चौकात लागलाच पाहिजे, असं आमच्या गावाचं पक्कं मत आहे. आपला फोटो चौकात नको असं वाटणारंही एखादं माणूस असेल, हे गोविंदाच्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी समता. लोणारचीच. पुण्याच्या एका कंपनीचं काम इथं घरी बसून करते. त्या हिवाळ्यात मी बायकांसाठी एका रविवारची कोडिंगची कार्यशाळा ठरवली. कोडिंग म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगणं, आणि ते अगदी पहिल्यापासून शिकवायचं. शेतावर जाणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, कॉलेज अर्धवट सुटलेल्या अशा वीसेक बायकांनी नावं दिली. घरच्यांची एकच अट होती, हॉलमध्ये पुरुष माणूस नको. मंगल कार्यालयाचा वरचा हॉल मिळाला, लॅपटॉप मागून मागून जमवले. पण एवढ्या बायकांना मी एकटी काय शिकवणार? म्हणून प्रत्येक टेबलाला एक शिकवणारी हवी होती, आणि त्या शिकवणाऱ्यांना आधी तयार करायचं होतं.

अश्विनी, पुष्पांजली आणि पूनम अशा तिघी हौसेनं पुढं आल्या. संध्याकाळी माझ्या घरी आमची तालीम चालायची. एकीनं शिकणारी व्हायचं, दुसरीनं शिकवणारी, आणि मी मध्ये खुर्ची टाकून चुका काढायच्या. अश्विनी गणिताच्या शिकवण्या घेते, तिला दम म्हणून नाही. समोरची जरा अडखळली की ही झडप घालून माऊस ओढून घ्यायची.

"अश्विनी, हात मागं घे," मी ओरडायची.

"अवो ताई, इतकं सोपं हाय, मी पटकन करून देतो ना!"

"तू करून दिलं तं ती काय शिकली? आन् सोपं हाय असं म्हनायचं नाही. तिले नाही जमलं तं तिले वाटन, आपल्याले सोपं बी येत नाही. मंग ती पुन्हा माऊसले हात लावन का?"

माऊस शिकणारीच्याच हातात राहील, ती चुकत असली तरी. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. माझा हा नियम मी इतक्यांदा सांगितला की पुष्पांजली माझी नक्कल करून दाखवायची.

पूनमला काही सांगावं लागत नसे. ती समोरचीच्या डाव्या बाजूला, थोडी मागं बसायची, आपला उजवा कान तिच्याकडं करून. थांबायची. समोरची रडकुंडीला आली तरी घाई करायची नाही, हळूच विचारायची, "आता काय व्हावं असं वाटते तुमाले?" अशी शिकवणारी मला पुण्यातही मिळाली नसती. तिला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. नवऱ्यानं मारल्यामुळं. अमडापूरच्या त्या घरातून ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि लोणारला मावशीकडं येऊन राहिली. मावशीचं घर सासरच्यांना माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये एवढ्याचसाठी पूनम सावलीसारखी जगत होती. कॉम्प्युटरच्या दुकानात टायपिंग करायची, ओढणी बांधून जायची, ओढणी बांधून यायची. कानाचं लोणारात आम्हा तिघींना आणि मावशीला सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता गोविंदा. तिघींच्या गळ्यात अडकवायला ओळखपत्रं हवी होती, म्हणून मी त्याला तिघींचे फोटो, नावं आणि नंबर पाठवले. एवढंच. पुढचं त्यानं आपल्या मनानं केलं.

कार्यशाळेला चार-पाच दिवस राहिले असतील. पूनम तालमीला उशिरा आली. दारात उभी राहिली, आत येईना. चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, स्टँडवर माहा फोटो लागला," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

आम्ही तशाच गेलो. एस. टी. जिथं वळते तिथं, सगळ्यांना दिसेल असा, हा मोठा फ्लेक्स. 'लोणारच्या लेकींचा अभिमान!' खाली तीन गोल आणि मधल्या गोलात पूनम, 'सौ. पूनमताई, मार्गदर्शिका'. तळाशी रविवारची वेळ, मंगल कार्यालय आणि तिघींचे नंबर. गोविंदानं तिघींनाही इतकं गोरं आणि गुळगुळीत केलं होतं की अश्विनी तर ओळखूच येत नव्हती. पण ज्याला पूनमला ओळखायचंच होतं, त्यानं ओळखली असती.

गोविंदा दुकानातून हसत बाहेर आला. "कसा काय वाटला, समताताई? एक पैसा घेत नाही म्या, आपल्या गावचं काम हाय."

"उतरव," मी म्हटलं.

"आँ?"

"आत्ता उतरव! कोणाले विचारून लावला बे तू? आन् 'सौ.' काऊन लिवलं?"

"बाईच्या नावाआधी रिकामं कसं ठेवाव, ताई?" बिचाऱ्याला खरंच कळत नव्हतं. मग त्याची नजर पूनमकडं गेली. शिडी आणून त्यानं स्वतः दोऱ्या कापल्या. मी तो फ्लेक्स पायाखाली तुडवून त्याची घडी केली. भर स्टँडवर मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

"अजून कुठं टाकला?" पूनमनं हळूच विचारलं.

गोविंदानं मान खाली घातली. त्यानं तो स्टेटसला ठेवला होता. मेहकरच्या, चिखलीच्या, सगळ्या ग्रुपवर टाकला होता. हात जोडलेल्या, टाळ्या वाजवणाऱ्या चित्रांची नुसती रांग लागली होती. त्यात अमडापूरचा कोणीतरी होता. 'अभिनंदन ताई' असं त्यानंही लिहिलं होतं.

त्याच संध्याकाळी पूनमच्या फोनवर अनोळखी नंबर आला. तिनं उचलला. पलीकडून कोणी बोललं नाही, नुसता श्वास. तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्या पलंगावर भिंतीला टेकून बसली. मग पुन्हा वाजला. मग आम्ही तो बंदच करून टाकला, तर बंद फोनकडंही ती बघत राहिली. मला भीती वाटत होती, आणि तिच्यासमोर ती दाखवायची नाही म्हणून मी उगाच भांडी आपटत चहा करत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून पूनमचं ठरवायला घेतलं. अश्विनीचं माहेर बीबीला, ती म्हणाली तिथं चल, कोणी विचारत नाही. पुष्पांजली म्हणाली, पुण्यालाच जा. मी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगून आले, त्यांनी नंबर दिला, रविवारी चक्कर मारतो म्हणाले. महिलांच्या मदतीचा नंबरही लिहून घेतला. आणि शेवटी मी निकाल दिला. "रविवारी तू यायचं नाही. मी दुसरं कोणी पाहीन."

पूनमनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमीच शिकवलं ना? शिकनारी चुकत असली तरी तिच्या हातचा माऊस घ्यायचा नाही. मले विचारलं का कोनी?"

मला राग आला, खरं सांगते. माझाच नियम माझ्याच तोंडावर मारला म्हणून आला.

"भेव नाही वाटत तुले?" मी विचारलं.

"वाटते ना. रात्री झोप येत नाही मले. पन मावशीच्या घरी दार लावून बसली तरी तितकंच वाटते. मंग इथंच बसून वाटू द्या."

मी एवढंच म्हटलं, ये. गोविंदानं न सांगता जाहीर केलं की रविवारी दुकान बंद, तो जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसेल आणि एकही गडी माणूस वर जाऊ देणार नाही. प्रायश्चित्त म्हणून त्यानं नाश्त्याचे पोहेही आपल्या घरून आणायचं कबूल केलं. मी त्याच्याशी बोलत नव्हते, पण पोहे नको म्हटलं नाही.

रविवार उजाडला. बायका आल्या, चपला जिन्यावर काढून, पदर सावरत, लॅपटॉपकडं लांबूनच बघत. पडद्यावर एक मांजर होतं. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की ते चालायचं, वळायचं, बोलायचं. पहिलं मांजर चाललं तेव्हा टेबलावर हशा उठला आणि मग ती एकच धांदल. अश्विनीनं दोन्ही हात मागं बांधून ठेवले होते, ओठ चावत उभी होती. दुसरा कुठला दिवस असता तर मी खुशीत नाचले असते. पण रस्त्यावर मोटारसायकल थांबली की माझं काळीज थांबायचं. पूनमही मान वळवायची, मग पुन्हा समोरचीकडं वळून विचारायची, "हं, आता काय व्हावं असं वाटते?" तिची बोटं खुर्चीच्या कडेला घट्ट धरलेली मला दिसत होती.

जेवणं झाली, चार वाजत आले. पूनमच्या टेबलावरच्या एकीला घरून बोलावणं आलं, ती गेली. तेवढ्यात गोविंदाचा आवाज जिन्यातून आला, एकदम उत्साहात. "समताताई, आजी आल्या एक! शिकायचं म्हनते!"

जिना चढून एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, धाप लागलेली. मी खूष झाले. आजी शिकायला आल्या, यापेक्षा छान काय असतं? नाव विचारलं तर म्हणाली, जनकाबाई. गाव विचारलं तर म्हणाली, हेच, इकडचंच. मी तिला हाताला धरून नेलं. "पूनम, ह्या तुझ्याकडं बसतीन पाह्य."

पूनमनं वर पाहिलं. तिनं खुर्चीची कड पुन्हा घट्ट धरली. मला वाटलं, थकली असेल.

आनंदाच्या भरात मी खुर्ची चुकून पूनमच्या डाव्या हाताला ठेवली होती. म्हातारीनं ती उचलली, वळसा घालून उजव्या हाताला आणली आणि बसली. म्हणाली, "मी इकून बसते. त्या कानानं तुले ऐकू येत नाही."

हॉलमध्ये बायका हसत होत्या, मांजरं म्याव करत होती. मी तिथंच उभी राहिले, आणि ही कोण हे मला कळलं. ज्या घरात तो कान गेला, त्या घरातली ही बाई होती.

"आत्याबाई," पूनम म्हणाली. आमच्याकडं सासूला तसं म्हणतात. "तुमी एकट्याच आल्या?"

"एकटी कशी येईन? तो खाली हाय. रस्त्यापलीकडच्या टपरीवर, चहा पीत बसला." म्हातारी पडद्याकडं बघत बोलत होती, पूनमकडं नाही. "त्या फोटोत तोंड लय गोरं केलं, त्याचा भरोसा बसेना. पूनम नावाच्या गावोगाव पोरी हायेत म्हने. वर गड्याले येऊ देत नाही, म्हनून मले पाठवलं. म्हने, माय, तू पाह्य तेच हाय का. असली तं खाली घिऊन ये."

मी फोन काढला. पोलीस ठाण्याचा नंबर शोधू लागले. पूनमनं माझ्याकडं बघून हलकेच मान हलवली. थांबा. मी थांबले, पण नंबर पडद्यावर काढून बोट तयार ठेवलं.

पूनम मग जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. "आत्याबाई, माऊस धरा."

"मले काय येते?"

"धरा तं. मी हात लावत नाही."

म्हातारीनं उजवा हात पदराखालून काढला. दोन बोटं वाकडी होती, तशीच जुळून आलेली. माऊसवर ती धड बसेनात.

पूनम त्या बोटांकडं बघत राहिली. "हे कव्हा झालं?"

"तू गेल्यावर."

"त्यानं?"

"तू गेल्यावर घरात मीच एकटी राह्यली ना," म्हातारी म्हणाली. दूषण देत नव्हती. नुसतं सांगत होती, जसं विहिरीचं पाणी आटलं हे सांगावं तसं. पूनमचे डोळे भरून आले. मला तेव्हा दिसलं की म्हातारीच्या हातात काय आहे. तिनं फक्त जिना उतरून 'हो, तीच आहे' म्हणायचं होतं. सून घरी आली की हिची सुटका होती. तिनं का म्हणू नये? मी तिच्या जागी असते तर नसतं का म्हटलं?

पिशवीत फोन वाजला. तिनं तो काढला नाही. वाजून वाजून थांबला.

"डाव्या हातानं बी चालते," पूनम म्हणाली. "तो पिवळा ठोकळा दिसते का? त्यावर न्या. दाबून धरा. आता वढा."

ठोकळा सुटला. पुन्हा सुटला. फोन पुन्हा वाजायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं वळून पाहिलं, अश्विनीही बघायला लागली. मला वाटत होतं, ओढून घ्यावा तो माऊस, लावून टाकावा ठोकळा, संपवावं हे सगळं. पूनम दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. तिसऱ्यांदा ठोकळा जागेवर बसला, आणि मांजर दोन पावलं चाललं.

"म्या चालवलं?" म्हातारीनं विचारलं.

"तुमीच."

फोन वाजतच होता. म्हातारीनं या वेळी तो बाहेर काढला, बटणांचा, रबर लावलेला. कानाला लावला. पलीकडचा आवाज आम्हाला टेबलापाशीसुद्धा ऐकू येत होता, शब्द नाही पण आवाज. पूनम त्या आवाजानं आक्रसली, मान खांद्यांत गेली, हात आपोआप डोक्यावर गेला. मी हिरव्या बटणापाशी बोट नेलं.

"हाव," म्हातारी म्हणाली. "हाव, पाह्यलं ना."

ती पूनमकडं बघत होती. पहिल्यांदाच सरळ, डोळ्यांत.

"नाही रे बाप्पा. ती नाही हे. दुसरीच हाय कोनी, मेहकरची. दात पुढं हायेत तिचे." पलीकडून ओरडणं वाढलं. "मंग? म्या का आंधळी हाय? माह्या सुनंले मी नाही वळखत का?"

पलीकडं बराच वेळ तो बोलत होता. म्हातारी ऐकत होती. तिचा चेहरा बदलत गेला. जे धैर्य एवढा वेळ तिनं कुठूनसं आणलं होतं ते उतरत गेलं आणि खाली नुसती भीती राहिली, पूनमच्या चेहऱ्यावर गेले चार-पाच दिवस मी पाहिली होती तीच.

"येतो ना," ती बारीक आवाजात म्हणाली. "आता नाही सोडत रे हे. नाव लिवून घेतलं म्हने. पाच वाजेलोक बसा लागते. पाच वाजता येतो."

तिनं फोन बंद करून पिशवीत घातला, आणि पिशवीला गाठ मारली.

असा कुठलाही नियम नव्हता. कोणालाही कधीही जाता येत होतं, सकाळीच मी सगळ्यांना तसं सांगितलं होतं. मी वाकून म्हटलं, "आजी, तुमाले बांधून नाही ठेवलं. तुमी कव्हाबी—"

पूनमनं माझं मनगट धरलं. कधीकधी मला कळायला फार उशीर लागतो.

म्हातारी पडद्यावरच्या मांजराकडं बघत होती. भिंतीवरच्या घड्याळाकडंही एकदा बघितलं तिनं. पाचाला फार वेळ उरला नव्हता. टपरीकडच्या खिडकीकडं मात्र तिनं एकदाही मान वळवली नाही.

"पूनम," ती म्हणाली, "पाचच्या नंतर काही शिकवत नाही का वो तुमी?"

पूनमनं तिची वाकडी बोटं आपल्या दोन्ही हातांत घेतली. "शिकवतो, आत्याबाई," ती म्हणाली. "बसा तुमी."

मी हिरवं बटण दाबलं.